मेलेल्या रूपरावाचा व्यायाम

"मधुकर, तू हे मानणार नाईस. अख्ख्या आर्वीत कोणीच मानणार नाई. पण म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं बापा. रूपराव काल खाटेवरून उठला अन् आंगणातली हापशी मारून गुंडभर पाणी काढलं."

तानबानं हे सांगितलं तेव्हा रूपरावाच्या तेरवीचं जेवण त्याच्या पोटात अजून पुरतं जिरलंही नव्हतं. दुपारी रूपरावाच्या गावी, वडनेरला, पंगतीत बसून तो आग्रहानं जेवला होता. मग हिंगणघाट, वर्धा अशा गाड्या बदलत दिवे लागायच्या आत आर्वीला उतरला आणि घरी न जाता थेट मधुकरच्या खाटेशी खुर्ची ओढून बसला. बुंदीचा एक दाणा दाढेत अडकला होता. खोटं बोलता बोलता तो जिभेनं तोच काढत होता.

मधुकर छताच्या पंख्याकडे बघत पडला होता. संक्रांतीच्या सुमारास न्हाणीघरात पडला, तेव्हापासून डावं अंग गेलेलं, तोंड एका बाजूला ओघळलेलं. कोणी आलं-गेलं तरी मान हलवत नसे. ती मान हळूहळू तानबाकडे वळली.

"रूप्या?"

एवढाच शब्द. पण किती तरी दिवसांत त्यानं स्वतःहून विचारलेला तो पहिला शब्द होता. दारात पदर तोंडाला लावून उभी असलेली त्याची बायको अनुसयाबाई पुढे आली नाही आणि मागेही गेली नाही. रूपराव गेल्याचं तिला ठाऊक होतं. आजाऱ्याच्या कानावर मौत घालू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. तिनं ती पाळली होती, फोनही उशाखालून काढून कपाटात ठेवला होता. पण मेलेल्या माणसाला हापशी मारायला लावावं, हे काही कुठल्या रीतीत बसत नव्हतं.

हे तिघं म्हणजे तानबा, मधुकर आणि रूपराव. आर्वी डेपोत एसटीवर उभी हयात काढलेली माणसं. तानबा कंडक्टर, बाकीचे दोघं ड्रायव्हर. तानबाच्या तोंडून खरं बाहेर पडायचं ते फक्त तिकीट विचारताना. गाडी रस्त्यात बंद पडली की तो खाली उतरून यायचा आणि गंभीर तोंडानं सांगायचा, समोर वाघ बसला आहे, ड्रायव्हरसाहेबांनी मुद्दाम इंजिन बंद केलं. प्रवासी चिडीचूप बसायचे, एक जण खाली उतरायचा नाही, आणि तेवढ्यात दुरुस्ती होऊन जायची. सासरी निघालेल्या एका पोरीनं त्या वाघाला हातही जोडले होते म्हणतात. म्हणतात म्हणजे तानबाच म्हणतो.

मधुकरचा मान वेगळा होता. डिझेल वाचवावं तर त्यानं. उगाच ब्रेक नाही, उगाच रेस नाही. चढ कुठं संपतो ते त्याच्या तळपायाला कळायचं. त्याच्या गाडीच्या ॲव्हरेजची डेपोत गोष्ट निघायची, एकदा शाल-नारळही मिळालं होतं. रूपराव याच्या अगदी उलट. डिझेल पाण्यासारखं जाळायचा, पण स्टँडवर मधुकरच्या आधी गाडी लावायचा आणि खिडकीतून दात काढायचा. दोघांनी एकमेकांना आयुष्यभर पाण्यात पाहिलं, आणि एकमेकांच्या डब्यातलंच जेवले.

पक्षाघात आधी रूपरावाला झाला, दसऱ्यात. मधुकर बरा असताना त्याला एकदा बघूनही आला होता. नंतर तोच पडला. तेव्हा वडनेरला जाण्याचं काम एकट्या तानबावर आलं, आणि त्यानं तिथं जे पाहिलं ते सांगायला त्याच्याजवळ खोटं कमी पडलं.

रूपरावाची बायको शकुबाई जीव लावणारी. नवऱ्याला तिनं फुलासारखं ठेवलं. पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला नाही, कूस बदलायची तर चार जणांनी उचलायचं. डॉक्टरनं हालचाल करायला सांगितली होती. पण जन्मभर उन्हातान्हात गाडी हाकली, आता तरी आराम करू द्या, असं ती म्हणायची. गाव भेटायला यायचं ते शिरा घेऊन, बासुंदी घेऊन. साखरेचा आजार आहे म्हटलं तर म्हणायचे, एक वाटीनं काय होते. आणि प्रत्येक जण उठता उठता तेच बोलून जायचा, हलू नोको बरं रूपराव, पडून राह्य. रूपराव पडून राहिला. होळीपर्यंत त्याच्या कमरेला हात मावेल एवढी जखम झाली. उदबत्त्यांचा पुडा जाळला तरी खोलीतला वास हटेना. शेवटी छातीत कफ भरला.

शेवटची आंघोळ घालताना डावा पाय तानबाच्या वाट्याला आला. क्लच दाबणारा पाय. तो जड असेल म्हणून तानबानं जोर लावून उचलला, आणि पाय असा वर आला की तो मागच्या मागे पडता पडता राहिला. त्यात काही नव्हतं. कातडीच्या पिशवीत हाड. शेजारी कोणी तरी म्हणालं, केवढी सेवा केली बाईनं. तानबानं पाय हळूच खाली ठेवला आणि त्यावर तांब्या ओतला.

आणि तेरवी आटोपून मधुकरच्या खोलीत आला तर चादरीबाहेर मधुकरचा डावा पाय पडलेला. पोटरी तशीच सैल लोंबू लागलेली. तानबाच्या तोंडून ती हापशी निघाली ती तिथं.

आता मधुकरला हालचाल करायला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. मंजुषा नावाची पोरगी व्यायाम करवून घ्यायला घरी येत होती. शांत, हसरी, पण मनगटात जोर असलेली. तिनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "काकाजी, खाल्लेलं अन्न म्हणजे इंधन, अन् कॅलरी म्हणजे त्याचं माप. हातपाय हलले की स्नायू ते जाळतात, रक्तातली साखर ओढून घेतात. नाही हलले तर साखर रक्तातच फिरते, नसा खराब करते. अन् बिनकामाचा स्नायू वाळून जाते."

मेंदूचंही तिनं सांगितलं. तिकडचा एक रस्ता तुटला आहे, पण पुन्हा पुन्हा पाय हलवला तर मेंदू दुसरा रस्ता शोधतो. मधुकरला हे कळायला हरकत नव्हती. पुलावरून पाणी गेलं की त्यानंच किती वेळा गाडी नाचणगावच्या अंगानं काढली होती. पण त्याच्या डोक्यात जाऊन बसलं ते एकच. जाळायचं. ज्यानं उभ्या जन्मात एक थेंब वाया जाऊ दिला नाही, त्याला ही कालची पोरगी म्हणत होती, जाळा. अर्धं अंग गेलं, उरलं आहे ते राखून वापरायचं की धूर करायचा? मंजुषा पाय उचलायला सांगायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. गाडी न्यूट्रलला टाकावी तसा.

साखरेचा आजार मधुकरलाही होता, पण अनुसयाबाईचं तर त्याहून पुढचं. मंजुषानं जबरदस्तीनं हातपाय हलवून दिले की ही मागून साजूक तुपातला शिरा घेऊन हजर. आज एवढ्या कॅलऱ्या जळल्या, त्या भरून नको काढायला? टाकी रिकामी ठेवून गाडी उभी करत नसतात, हे ती ड्रायव्हरच्या घरात शिकली होती.

पण हापशी ऐकल्यावर काही तरी फिरलं. दुसऱ्या दिवशी मंजुषानं पाय उचला म्हटलं, तर मधुकरच्या कपाळावर शीर आली. मांडी थरथरली. टाच चादरीवरून बोटभर सरकली आणि पडली. तेवढ्यानं तो घामाघूम झाला, जणू कोणी नांगराला जुंपलं होतं. घाम पुसताना त्यानं वाकड्या तोंडानं विचारलं, "रूप्यानं किती पाणी काढलं?"

मग काय, तानबाला रानच मोकळं मिळालं. दर दोन-चार दिवसांनी तो वडनेरहून आल्यासारखा यायचा, चपला झाडायचा आणि खुर्ची ओढायचा. रूपराव खुर्चीतून एकटा उठतो. रूपराव भिंतीला धरून ओसरीपर्यंत जातो. रूपराव काठीनं रस्त्याला लागला. आणि कॅलऱ्या तर अशा जाळतो राजेहो, की आंघोळीला पाणी तापवायचं काम नाही, गुंड त्याच्याजवळ ठेवला की झालं. चालून आल्यावर पालथा पडतो तेव्हा शकुबाई त्याच्या पाठीवर उडदाचे पापड भाजून घेते. एकदा जिनिंगकडून निघाला तर तिथले हमाल काठ्या घेऊन धावले, म्हणाले, तुमी दुरूनच जा बाप्पा, अठी कापसाचे ढीग हायेत, पेटून जाईन.

मधुकर अर्ध्या तोंडानं हसायचा. ते हसू बघवत नसे, कारण एक गाल हसायचा आणि दुसरा मेलेला असायचा. पण हसून झालं की तो म्हणायचा, "उठव मले."

उठणं म्हणजे काही मौज नव्हती. पहिल्यांदा उभा केला तेव्हा तो पोत्यासारखा मंजुषाच्या अंगावर आला आणि कपड्यात मुतला, आणि मग भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ रडला. डाव्या खांद्यात अशी कळ यायची की तो आईच्या नावानं शिव्या घालायचा. एकदा उंबऱ्याला अडखळून पडला, भुवई फुटली. तानबानं त्याच संध्याकाळी सांगितलं की रूपराव दोनदा पडला, अन् हसत उठला. सांगताना त्याच्या नजरेसमोर रूपरावाची ती कमरेची जखम होती. तो बाहेर येऊन नळाखाली तोंड धूत राहिला.

मंजुषा पापडांच्या गोष्टीला हसली आणि मग अनुसयाबाईला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, माणसाच्या अंगात एवढी आग नसते हो. तुमचा एक वाटी शिरा जाळाले काकाजीले गावाबाहेर जाऊन परत यावं लागन. जळते थोडंच. पण त्या थोड्यानंच साखर खाली येते, छाती मोकळी राह्यते, झोप लागते."

अनुसयाबाईला ते पटलं नाही. तेव्हा तानबा दोघींच्या देखत मधुकरला म्हणाला, "शकुबाईनं शिरा बंद केला म्हणते. म्हणे, माह्याच हातानं मारत होती मी त्याईले."

 मधुकरनं मान डोलावली, त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. अनुसयाबाईच्या हातातली वाटी मात्र तशीच राहिली. शकुबाई आज कुठल्या कोपऱ्यात बसली आहे, कपाळ कसं आहे, हे तिला ठाऊक होतं. ती आत गेली. स्वयंपाकघरातून कढई घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्या दिवसानंतर त्या घरात शिरा झाला नाही.

वैशाख सरेपर्यंत मधुकर अंगणात काठीनं फिरू लागला. साखर उतरली. गोळी एक कमी झाली. सुजलेलं पाऊल पुन्हा पावलासारखं दिसायला लागलं, पोटरीत बोट दाबलं तर खाली काही तरी घट्ट लागू लागलं. वाणीही सुटली, आणि वाणी सुटली तशी एक नवीनच पंचाईत उभी राहिली. त्याला वडनेरला जायचं होतं. रूप्यासमोर चालून दाखवायचं होतं. जन्मभर तो स्टँडवर आधी पोचला, आता एकदा आपण त्याच्या दारात आधी जाऊन उभं राहायचं.

तानबानं जेवढे ब्रेक होते तेवढे दाबले. फोन लाव म्हटलं तर रूपरावाचा फोन विहिरीत पडला. जाऊ म्हटलं तर तो लेकीकडे नागपूरला गेला. परत आला का विचारलं तर शकुबाईच्या माहेरी लग्न निघालं. मधुकर ऐकून घ्यायचा आणि गप्प बसायचा. ते गप्प बसणं तानबाला आवडेना. ज्या प्रवाशाला वाघावर विश्वास नसतो तो असाच गप्प बसतो.

एक दिवस अनुसयाबाईनं त्याला फाटकाशी गाठलं. "भाऊजी, मेलेल्या माणसाच्या पायावर तुमी याईले उभं केलं. ज्या दिवशी कळन त्या दिवशी हे खाटेवर जाऊन पडन, अन् मग काई उठत नाई. मंजुषा काय म्हणे, मालूम हाये ना? आता पडले तर कमावलेलं सारं पंधरवड्यात जाते."

"तर मंग सांगत नाई," तानबा म्हणाला.

"किती दिवस?"

तानबानं फाटकाची कडी लावली आणि रस्त्याला लागला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी तो आला तर मधुकर फाटकाबाहेर उभा. अंगात पांढरा सदरा, खाली पायजमा, पायात बूट. अनुसयाबाई मागे हात चोळत होती. मधुकर म्हणाला, आज स्टँडपर्यंत जायचं. त्यानं विचारलं नाही, सांगितलं. आणि निघाला.

स्टँड काही जवळ नव्हता. उजवी काठी पुढे, मग डावा पाय कमरेतून फेकल्यासारखा, मग उजवा. डाव्या बुटाचं टोक डांबराला घासायचं आणि खर्र वाजायचं. ऊन चढत होतं. पानठेल्यावरचे लोक बघत होते. कोणी तरी म्हणालं, कायले हाल करून राह्यले काकाजी, ऑटो सांगू का? मधुकरनं तिकडं पाहिलं नाही. मानेवरून घामाची धार सदऱ्यात उतरत होती, श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. बाजार समितीच्या वळणावर तो लटपटला, तानबानं दंड धरला. धरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हा दंड आहे. मुठीत भरतो. त्याला एकदम आंघोळीच्या वेळचा तो पाय आठवला. तो डोळ्यांसमोरून घालवायला तानबाला एकच उपाय माहीत होता.

"रूपरावाचा तर मोठाच चमत्कार झाला," तो म्हणाला. "लेकीकडून सांगावा आला. पाय अजून ओढते, तुह्यासारखाच. पण डावा हात पाह्य. सदऱ्याचे बटन आपल्या हातानं लावते. अंगठा अन् बोट, अशी चिमटी धरते अन् टप टप लावून मोकळा होते. शकुबाई पाहतच राह्यली."

मधुकर चालत राहिला. काठी, डावा पाय, उजवा. स्टँडचं पत्र्याचं छत समोर दिसू लागलं. आत हिंगणघाटकडे जाणारी गाडी लागलेली होती, कंडक्टर दाराशी उभा राहून हाका देत होता. तानबाला वाटलं, हा आता चढायचं म्हणणार. त्यानं सुचवलं, बाकावर बसू, दम घे. मधुकर बाकाजवळून पुढे गेला.

गाडीपासून थोड्या अंतरावर तो थांबला. वळला. काठी बगलेत धरून त्यानं उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि तानबाच्या तोंडासमोर धरला. बोटं आत वळलेली होती, अंगठा तळव्याला चिकटलेला. त्यानं जोर लावला. चेहरा लाल झाला, खांदा वर आला, कोपर कापत कापत हललं. अंगठा हलला नाही. मग त्यानं हात सोडून दिला, काठी पुन्हा टेकवली आणि गाडीकडे पाठ करून घराच्या रस्त्याला लागला. डाव्या बुटाचं टोक डांबरावर घासत राहिलं. तानबा मागं राहिला होता, त्याला धावत गाठावं लागलं.

"पाठीवर पापड भाजले, म्या ऐकून घेतलं," मधुकर समोर बघत, दम खात म्हणाला. "कापूस पेटला, ते बी ऐकलं. पण हे अंग म्या रोज ओढून राह्यलो तानबा, मले मालूम हाये काय कवा येते. आधी मांडी येते, मंग खांदा, मंग कोपर. बटन जित्या माणसाले सगळ्यात शेवटी लागते. खोटारड्या, रूप्या कवा मेला ते सांग."